मनकर्णेचा उजवा डोळा

मित्रांनो, तळहातावर सहज मावेल असं, काळ्या कड्यात बसवलेलं मी एक जुनं भिंग आहे. माझ्या कड्याचा एक टवका उडालेला आहे, पण काच शाबूत आहे. उन्हात धरून कागद जाळायचं किंवा बारीक अक्षरं वाचायचं भिंग मी नव्हे. डोळ्यांचे डॉक्टर कपाळाला दिवा बांधतात, मला दोन बोटांत धरतात आणि माझ्यातून माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहतात. तो पडदा माझ्यात उलटा दिसतो. वरचं खाली, डावं उजवीकडे. डॉक्टरांना त्याची सवय असते.

फार दूरच्या एका कारखान्यात काचेचा तुकडा दोन्ही अंगांनी घासून घासून मला घडवलं आणि वर जांभळट झाक असलेला थर चढवला. पुढे डॉक्टर शहादेव यांनी मला घेतलं. ते बीड जिल्ह्यातलेच. त्यांचे वडील मेंढरं राखत असत. डॉक्टर झाल्यावर ते आपल्याच मुलखात परतले आणि दर मंगळवारी एका मोठ्या दवाखान्यात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे डोळे तपासायला जाऊ लागले. म्हाताऱ्यांचे डोळे पाहण्यात आपला जन्म जाईल, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात वाटाण्याएवढ्या डोळ्यांशी माझी गाठ पडली.

त्या डोळ्यांना काय होतं, ते तुम्हाला सांगतो. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधून निघून कडेपर्यंत पोचतात. वाफ्यात सोडलेलं पाणी हळूहळू टोकाला पोचावं तशा. बाळ आधीच जन्मलं तर त्या अर्ध्यावर अडतात. मग काही बाळांमध्ये त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडद्यालाच ओढून जागेवरून सोडवतात. हे सगळं काही आठवड्यांत घडतं. बाहेरून मात्र डोळे काळेभोर, सुंदर दिसतात. म्हणून जन्मल्यापासून महिन्याच्या आत ते आतून पाहावे लागतात.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. पाटोद्याच्या बाजूला एका दूध सहकारी संस्थेने जनावरांसाठी छावणी उघडली होती. तिथे बिभीषण नावाचा शेतकरी आपल्या चार म्हशी घेऊन राहत होता. सोबत त्याची बायको अंजना आणि आई भिवराबाई. अंजनाला सातवा महिना होता. टँकरपासून गोठ्यापर्यंत दिवसाला वीस-वीस घागरी वाहताना एका दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, ती अकराशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत, प्राणवायूच्या आधाराने ती जगली. भिवराबाईने आपल्या आईचं नाव तिला ठेवलं, मनकर्णा.

अठ्ठाविसाव्या दिवशी माझी आणि तिची भेट झाली. गीताबाई सिस्टरांनी तिला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला आणि डोकं धरलं. पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक तार लावावी लागते. मनकर्णा जिवाच्या आकांताने रडली. दाराबाहेर भिवराबाईने कान झाकून घेतले. मी पाहिलं, मनकर्णेच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या अर्ध्यावर थांबल्या होत्या आणि तिथे बांधासारखी एक रेघ उठली होती. डॉक्टरांनी बिभीषणला सांगितलं की आज उपचाराची गरज नाही, पण पुढच्या मंगळवारी यायलाच हवं. कार्डावर त्यांनी ते लाल शाईने लिहिलं. चार दिवसांनी वजन भरलं म्हणून मनकर्णेला घरी सोडलं. घर म्हणजे छावणीच.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. बिभीषणचा फोन लागत नव्हता. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आले नाहीत. डॉक्टर शेवटच्या बाळापर्यंत सगळे डोळे तपासून मला हातात तसंच धरून खिडकीपाशी उभे राहिले आणि फाटकाकडे बघत राहिले.

तिसऱ्या मंगळवारी दूध संस्थेची गाडी फाटकात आली. संस्थेचे सचिव राधाकिशन छावणीत हजेरी घ्यायला गेले असताना त्यांना ते कार्ड दिसलं होतं. लाल अक्षरं वाचून त्यांनी काही न विचारता तिघांना बाळासकट दुधाच्या गाडीत बसवलं.

डॉक्टरांनी मला मनकर्णेच्या डोळ्यांसमोर धरलं. उजव्या डोळ्यातल्या वाहिन्या फुगून पिळल्या होत्या, पण पडदा जागेवर होता. डाव्या डोळ्यात पडदा वाऱ्याने उचललेल्या कनातीसारखा सुटला होता.

त्यांनी दिवा काढला आणि अंजनाला समोर बसवलं. बराच वेळ ते समजावून सांगत होते. सगळं ऐकून तिने एकच विचारलं.

"दिसंल का माझ्या लेकराला?"

"उजव्यानं दिसंल, आजच लेझर केला तर. डाव्याचं मी खोटं सांगणार न्हाई, ताई."

अंजनाने नवऱ्याकडे पाहिलं. बिभीषणने मान खाली घातली. तेव्हा कोपऱ्यात बसलेली भिवराबाई बोलली.

"त्येंना नका बोलू. मी आडवलं. सून लई म्हणत व्हती, जाऊ, जाऊ. मीच म्हनलं, लेकराचे डोळे हरणावानी हायेत, कावून परत तारा घालायच्या?"

भिवराबाईने ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. 'आज उपचाराची गरज नाही,' असं डॉक्टरच म्हणाले होते. तिच्या मनात फक्त 'आज' हा शब्द राहिला नव्हता.

त्या दुपारी लेझरचा प्रकाश माझ्यातून मनकर्णेच्या उजव्या डोळ्यात गेला. पडद्याची कड शेकडो बारीक ठिपक्यांनी भाजावी लागते, तेव्हा मधला भाग वाचतो. मला ते सोसवत नव्हतं. पण माझ्याशिवाय तो प्रकाश नेमक्या जागी पडला नसता. डाव्या डोळ्यासाठी त्यांना मोठ्या शहरात पाठवलं. तिथे शस्त्रक्रिया झाली, तरी त्या डोळ्याला उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळलं नाही.

वर्षभरात दूध संस्थेने एक नियम केला. लवकर जन्मलेल्या बाळाची तारीख संस्थेच्या फळ्यावर लिहायची आणि त्या दिवशी दुधाच्या गाडीत आईसाठी जागा ठेवायची. संस्थेच्या सभेत डॉक्टरांना शाल आणि नारळ दिला. परत आल्यावर त्यांनी शाल खुर्चीवर टाकली आणि गीताबाईंना म्हणाले, "एक डोळा वाचला, एक गेला. सत्कार कशाचा घेतला मी?" त्यानंतर ते प्रत्येक आईकडून तपासणीची पुढची तारीख स्वतःच्या तोंडाने म्हणवून घेऊ लागले.

मित्रांनो, वाचलेला डोळा म्हणजे धडधाकट डोळा नव्हे. पहिल्या वाढदिवसाआधीच मनकर्णेला जाड चष्मा लागला. पोरं तिला चिडवायची, म्हणून शाळेत ती चष्मा दप्तरात ठेवायची. फळ्यावरचं दिसायचं नाही, आणि बाईंना वाटायचं की मुलगी मंद आहे. अंजनाने शाळेत जाऊन ते निस्तरलं. दर सहा महिन्यांनी मनकर्णा तपासणीला यायची आणि खुर्चीवर चढण्याआधीच विचारायची, "आजपण डोळ्यात थेंब टाकणार का?"

पुढे दवाखान्यात नवा कॅमेरा आला. तो डोळ्यातलं चित्र मोठ्या स्क्रीनवर दाखवतो, तेही सुलटं. मी कपाटाच्या खणात गेलो. तिथे ठेवतानाच एकदा घसरलो आणि माझा टवका उडाला. महिनोन्‌महिने मला कुणी पुसलंही नाही.

मनकर्णा दहा वर्षांची असताना एके दिवशी, मंगळवार नसताना, खण उघडला. कॅमेऱ्यात डोळ्याची अगदी कड नीट दिसत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मला शोधलं होतं. समोर मनकर्णा बसली होती आणि तिच्यामागे भिवराबाई उभी होती. आता ती वाकली होती. मनकर्णा म्हणत होती की उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतंय आणि काळे ठिपके तरंगतायत.

मी पाहिलं. जुन्या डागांच्या पलीकडे पडद्याला एक बारीक चीर गेली होती. अशा डोळ्यांना तो धोका जन्मभर असतो. चिरेत पाणी शिरलं की पडदा सुटतो. अजून शिरलं नव्हतं. त्या एका डोळ्याच्या जोरावर ही मुलगी पुस्तकं वाचत होती, म्हशी ओळखत होती, सायकल शिकत होती.

डॉक्टरांनी मला खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, "कधीपासून होतंय, आजी?"

"आज सकाळपासून," भिवराबाई म्हणाली. "भाकर तव्यावरच सोडून आले."

पुन्हा एकदा तो प्रकाश माझ्यातून गेला आणि चिरेभोवती ठिपक्यांचं कुंपण पडलं. मनकर्णा या वेळी रडली नाही. तिने आजीचा हात धरून ठेवला होता. काम संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." भिवराबाईच्या चेहऱ्यावर आनंद उमटला नाही. तिने पदराने नातीचा उजवा गाल पुसला, मग डावा पुसला, आणि त्या डाव्या डोळ्यापाशी तिचा हात बराच वेळ थांबला.

मित्रांनो, मी काच आहे. मला दिसतं, पण चालत जाऊन कुणाचं दार ठोठावता येत नाही. ते तुम्हाला येतं. तुमच्या घरी, शेजारी, वस्तीवर कुणाचं बाळ लवकर जन्मलं, तर त्याच्या आईला विचारा, डोळे दाखवले का, आणि परत कधी बोलावलंय? बाळ झोपलंय, ऊन आहे, डोळे तर छान दिसतात, असं ती म्हणेल. तिचं सगळं ऐकून घ्या. आणि मग बाळाचं दुपटं तुम्ही उचला, तिच्याबरोबर निघा.