तुळशीसकट उचललेलं घर

या, जरा पुढे सरकून बसा. गोदावरी समुद्राजवळ जिथे फाटे फोडून पसरते, तिथल्या एका हरिकथा गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो. आहे छोटीच.

अमलापुरातल्या एका देवळामागे मंगतायारू पायांत घुंगरू बांधत होती. तेवढ्यात देवळाचे पंच कॉफी घेऊन आले.

"अम्मा, देवळाजवळ हरिकथा कोण करतं म्हणून फोनवर शोधलं, तर पहिलंच नाव तुमचं. आपल्याच गल्लीतल्या निघालात. कुठलं हो घर?"

मंगतायारूने नवऱ्याकडे पाहिलं. अप्पलस्वामी मृदंगात डोकं खुपसून बसला. पंच गेल्यावर पुटपुटला, "फोन जवळचा माणूस आधी दाखवतो गं. आपलं बेट पडलं नदीपलीकडे, नाव पार तळाला जायचं. म्हणून नकाशावर घर जरा उचलून इथे ठेवलं."

"तुळशीसकट?"

"दोन वर्षं कोणी विचारलं नव्हतं तुला. स्वयंपाकघरात भांड्यांना आख्यानं ऐकवत होतीस. आता एकामागून एक देऊळ बोलावतंय, ते बघ ना."

ते काही खोटं नव्हतं. म्हणून तर तिचा जीव थाऱ्यावर राहीना. बांधलेले घुंगरू तिने सोडले, पुन्हा बांधले. आणि आज आख्यान कुठलं, तर सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचं.

मांडव भरला. चिपळ्या वाजल्या, आवाज लागला. पण राजा राजवस्त्रं उतरवतो तिथे तिने चिपळ्या खाली ठेवल्या.

"मायबाप, मी तुमच्या गल्लीतली नाही. फोनवरचा पत्ता खोटा आहे. माझं घर नदीपलीकडे."

मग पुढे बसलेली एक आजी म्हणाली, "बरं, असू दे. राजाचं पुढं काय झालं ते सांग पोरी, मला लवकर निजायचंय."

मांडव हसला, आणि हसलेलीच माणसं घटकाभरात डोळे पुसू लागली.

सकाळी परतीच्या होडीत ती म्हणाली, "अहो, घर जागेवर ठेवा."

"मग बोलावणार कोण?"

तिने समोरच्या बेटाकडे बोट दाखवलं. त्याने फोन काढला आणि नकाशावर घर पुन्हा बेटावर नेऊन ठेवलं.

पुढे बोलावणी आटली. आता दर शनिवारी ती घुंगरू बांधून धक्क्यावर उभी राहते. होडीसाठी खोळंबलेले दहा-बारा जण ऐकतात आणि होडी लागली की अर्ध्या कथेतून उठून जातात. ती राजाला तिथेच उभं ठेवते, पुढची माणसं येईपर्यंत.

कधी तिकडे गेलात नि फोनवर हरिकथा शोधलीत, तर पहिल्या नावावर थांबू नका. बोटाने यादी खाली खाली सरकवत न्या. अगदी तळाला मंगतायारू आहे. तिची आठवण ठेवा.