मोकळा सोडलेला पाय

टेमघरला इद्रीसचाचांच्या कारखान्यात कापड विणणारे सहा लूम होते आणि सहाही लूमवर इंजिनिअरिंग शिकणाऱ्या विनिताने बनवलेला एकेक बोर्ड बसला होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की बोर्ड लूम जागच्या जागी थांबवायचा. बाजारातली अशी यंत्रं महाग, सहा लूमवाल्याच्या आवाक्याबाहेरची. विनिताचा बोर्ड मात्र एका कटिंग चहाच्या किमतीच्या चिपवर चालायचा. त्या चिपला कळणारी भाषा कुणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती, साऱ्या जगाला खुली होती. म्हणून विनितानेही आपल्या बोर्डाची, जोडणीच्या नकाशापासून प्रोग्रामपर्यंत, सगळी माहिती इंटरनेटवर टाकली होती. "कुणीही बघा, कुणीही बनवा," असं ती कॉलेजच्या कार्यक्रमात बोलली, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

एका दुपारी चार नंबरच्या लूमवर धागा तुटला. लूम थांबला. केसरीनाथ कारागीर धागा जोडायला वाकले, हात धागे ठोकणाऱ्या फणीजवळ घातला. तेवढ्यात वीज डोळा मिटावा तशी गेली आणि आली. थांबलेला लूम एक ठोका चालला आणि थांबला. त्या एका ठोक्यात केसरीनाथांच्या उजव्या तर्जनीचं पेर गेलं.

विनिता हॉस्पिटलात पोचली तेव्हा इद्रीसचाचा बाहेर बाकावर बसले होते. केसरीनाथ तिच्याच गावचे, कोनचे. लहानपणापासून ती त्यांना काका म्हणायची.

"असं कसं झालं, बेटा?" चाचांनी विचारलं.

विनिताच्या तोंडून पटकन निघून गेलं, "चाचा, चिप स्वस्तातली आहे. कधी दगा देईल, सांगता येत नाही."

चाचांनी मान हलवली. "सस्ती चीज है. तुझा काय दोष?"

ती केसरीनाथांना बघायला आत गेली.

चार दिवसांनी हफसाचा मेसेज आला. हफसा चाचांची मुलगी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्सला. तिने लिहिलं होतं, "ताई, मी तुमचा नकाशा आणि चिपचं मॅन्युअल शेजारी शेजारी ठेवून वाचलं. वीज झटका खाते तेव्हा चिप पुन्हा सुरू होते, आणि तेवढा वेळ तिचे पाय, म्हणजे पिना, मोकळे असतात, त्यांच्यावर तिचा ताबा नसतो, असं त्यात आहे. लूम चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या पायाला एक रेझिस्टर लावून तो पाय बंद स्थितीत धरून ठेवा, असंही लिहिलंय. तुमच्या नकाशात तो रेझिस्टर दिसला नाही. माझंच काही चुकत असेल तर सांगा."

विनिताने मेसेज तीनदा वाचला. हफसाचं काहीच चुकत नव्हतं. आणि ही गोष्ट विनिताला आज कळत नव्हती. जानेवारीत, घरी टेबलावर पहिला बोर्ड तपासताना, प्लग हलला आणि रिले आपोआप टक् वाजला होता. तिने ऐकलं होतं. पण बोर्ड छापायला गेले होते, कॉलेजचा कार्यक्रम दहा दिवसांवर होता. पुढच्या वेळी बघू, असं म्हणून तिने प्लग घट्ट बसवला होता.

त्याहून वाईट एक होतं. केसरीनाथ पूर्वी धागा जोडताना मेन स्विच बंद करायचे. बोर्ड बसवला त्या दिवशी तिनेच हसून सांगितलं होतं, "काका, आता स्विचपर्यंत कशाला जाता? बोर्ड आहे ना."

तोंड दाखवू नये असं तिला झालं. मेसेजला उत्तर न देता ती दिवसभर बसून राहिली. संध्याकाळी उठली आणि केसरीनाथांच्या घरी गेली.

ते ओट्यावर बसले होते, हात पांढऱ्या पट्टीत. त्यांची बायको हौसाकाकू आत भाकऱ्या थापत होती.

"ये पोरी. बस."

विनिता उभीच राहिली. "काका, चिपचा दोष नव्हता. माझा होता. बोर्डात एक भाग लावायचा राहिला. आणि असं होऊ शकतं हे मला आधी दिसलं होतं."

"आधी म्हंजे कधी?"

"तुमच्या लूमवर बसवायच्या आधी."

आतला भाकरीचा आवाज थांबला. केसरीनाथांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"आनि मला स्विच बंद करू नको म्हनालीस."

"हो."

"मंग आता काय सांगू तुला?" ते सावकाश म्हणाले. "रागावलो तरी बोट येनार न्हाय. जा तू घरी."

शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने हफसासमोर चाचांना सगळं सांगितलं. चाचा उठून लूमपाशी गेले. मग त्यांनी स्वतः सहाही बोर्ड काढून पिशवीत भरून तिच्या हातात दिले. "हफसा नवीन बनवेल. तू तिला दाखव, पण लूमला हात तिचाच लागेल," ते म्हणाले. 'बेटा' म्हणाले नाहीत.

त्या रात्री तिने इंटरनेटवरच्या पानावर सगळ्यात वर, आपल्या नावानिशी, काय चुकलं, केव्हा कळलं होतं आणि कुणाचं बोट गेलं, ते लिहिलं. ज्यांनी नकाशा उतरवून घेऊन बोर्ड बनवल्याचं कळवलं होतं, त्या अकरा जणांना पुढचे दोन दिवस फोन केले. मालेगावच्या एकाने सांगितलं, "आमचा लूम दोनदा असाच आपोआप चालला. आम्हाला वाटलं, चिपच हलकी." तिने त्याला लूम तिथल्या तिथे बंद करायला लावला आणि तो बंद होईपर्यंत फोन ठेवला नाही.

दीड महिन्याने केसरीनाथ कामावर आले. गाठ आता ते डाव्या हाताने मारतात, वेळ लागतो. नवीन बोर्ड बसले आहेत, तरी धागा तुटला की ते आधी मेन स्विचपर्यंत चालत जातात. कोनच्या नाक्यावर विनिता भेटली तर "बरी हाय ना?" एवढंच विचारतात. तीही हो म्हणते, आणि ते पुढे गेल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहते.