मेलेल्या माणसाची हजेरी

सकाळी दर्शनी खोलीत थोरल्यांचा चहा जाई, आणि त्याच वेळी धाकटी सून मागच्या खोलीत कामाला बसे. इस्पितळाचे संगणक सांभाळण्याचं कंत्राट या घराकडे होतं. तिथल्या टेबलांवर नुसते पडदे आणि कळफलक. खरं यंत्र सारं एका सर्व्हरच्या पोटात. धाकटी घरातूनच त्याला जोडून घेई. आधी एक मूळ, म्हणजे मास्टर डेस्कटॉप तयार करायचा, त्यात रक्ततपासणीपासून खाटांपर्यंत सगळ्याची सोय बसवायची, अँटीव्हायरस बसवायचा आणि मग त्याचे शेकडो हुबेहूब क्लोन काढायचे. रोज सकाळी प्रत्येक टेबलाला ताजा क्लोन मिळे आणि संध्याकाळी तो पुसला जाई.

हे काम तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. तो तापाच्या दुखण्यात गेला, आणि दुखवटा सरतो न सरतो तोच थोरल्या दिरांनी तिला त्याच्या खुर्चीवर बसवलं. मात्र लॉगिन त्याचं, पासवर्डही त्याचाच. हिच्या नावानं काम दाखवलं तर उद्या धंद्यात वाटा मागेल, ही थोरल्यांची दूरदृष्टी. इस्पितळ हे तो गेल्यानंतरचं गिऱ्हाईक. मागे धाकटा भाऊ बसतो, असं त्यांना खुशाल सांगून टाकलं होतं. पाहुणा आला की विधवेनं दर्शनी खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा दंडक सासूबाईंचा. त्या स्वतः भर तारुण्यात विधवा झालेल्या, आणि त्यांच्या सासूनं त्यांना असंच कोंडलं होतं. आपण भोगलं ते सुनेला चुकू नये, एवढी काळजी आपल्याकडे फार प्रेमानं घेतली जाते.

धाकटीला पगार नव्हता. दोन वेळचं जेवण, तेही सगळ्यांच्या मागून, आणि लेकीची शाळा, एवढ्यावर ती राबत होती. लेक चिमणी आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून अभ्यास करी.

आता या कामात एक मेख असते. अँटीव्हायरस बसवला की त्याला एक ओळखक्रमांक मिळतो. क्लोन काढण्याआधी मास्टरमधला तो क्रमांक पुसायचा असतो, म्हणजे प्रत्येक क्लोन स्वतःचा नवा क्रमांक घेतो आणि देखरेखीच्या फलकावर वेगळा दिसतो. न पुसता क्लोन काढले तर सगळे एकाच क्रमांकानं हजेरी लावतात. फलकाला वाटतं, यंत्र एकच आहे. त्यातल्या एकाला नव्या विषाणूवरची लस मिळाली की तो हिरवा दिवा लावून मोकळा होतो. बाकीचे तसेच उघडे राहतात. थोरल्यांना मात्र या घोळात नफा दिसला. क्रमांक एक, म्हणजे लायसन्सचे पैसेही एकाच यंत्राचे.

धाकटीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा ते जेवत असताना तिनं दाराआडून विषय काढला. सासूबाई वाढत होत्या.

"क्रमांक पुसायला हवा, भावजी. बाहेरून काही आत शिरलं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही."

"फलक हिरवा आहे ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय? पुसायचा नाही म्हणजे नाही. पोरीची शाळा चालू राहावी असं वाटतं ना?"

सासूबाईंनी आणखी एक वाढणी घातली आणि पुरुषांच्या जेवणात बायकांनी बोलू नये, असं सुनेला बजावलं. धाकटीनं मान खाली घातली. तिनं ऐकलं, हे मी लपवणार नाही. पुढेही रोज ती न पुसलेल्या मास्टरचे क्लोन काढत राहिली.

व्हायचं ते झालंच. इस्पितळाच्या नोंदणीखिडकीवरच्या कारकुनानं बिलाच्या नावाखाली आलेली फाइल उघडली आणि सगळे पडदे एकामागून एक काळे पडले. फलकावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. रक्ताच्या गटांची माहिती मिळेना, शस्त्रक्रिया थांबल्या, रुग्ण दारातून परत पाठवले. त्यांतली एक बाळंतीण दुसऱ्या इस्पितळाच्या वाटेवरच दगावली. तिचं मूल वाचलं. ही बातमी धाकटीनं मागच्या खोलीत ऐकली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला माणसं येणार होती. त्याआधी थोरले स्वयंपाकघरात आले. या घरात वाढले, पण स्वयंपाकघरात बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. आज ते पाटावर बसले आणि मऊ आवाजात म्हणाले, ‘क्रमांक पुसायला मी विसरले’, एवढंच उद्या सांग. तू बाई, त्यात विधवा, तुला लोक दया दाखवतील. माझं नाव गेलं तर घर बुडेल. धाकटी भांडी आवरू लागली. तेव्हा आवाजातला मऊपणा गेला.

"पोरगी आमच्या रक्ताची आहे. ती इथंच राहील. तू कुठं राहायचं, ते उद्या तुझ्या तोंडून ठरेल."

चौकशी अधिकारी आणि इस्पितळाचे व्यवस्थापक आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकटीला दर्शनी खोलीत बोलावलं. थोरल्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि बोलायची खूण केली.

"मी विसरले नाही," ती म्हणाली. "पुसू नको म्हणून मला सांगितलं आणि मी ते ऐकलं. ती बाई गेली, त्यात माझाही वाटा आहे. पण एकटीचा नाही. आईंच्या समोर बोलणं झालं होतं."

अधिकाऱ्यानं सासूबाईंना विचारलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मी पुरुषांच्या बोलण्यात लक्ष घालत नाही, साहेब. मला काही माहीत नाही."

अधिकारी थोरल्यांकडे वळला. लॉगिन ज्याचं आहे त्या भावाला बोलवा, म्हणाला. आता भाऊ कुठून आणणार? थोरल्यांच्या कपाळावर घाम फुटला. पण असल्या माणसांना वेळेवर सुचतं. त्यांनी डोळे पुसले. भाऊ कधीच वारला, म्हणाले, आणि ही बाई आमच्या नकळत मेलेल्या नवऱ्याच्या नावानं आत शिरत होती. भावाचं नाव नुसतं कागदावर होतं, काम बाहेरचा माणूस करतोय असं मी समजत होतो. घरातच साप पोसला होता हे काल कळलं, म्हणून तर तिला तुमच्यापुढे उभी केली.

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. ज्या नावाखाली तिला दडवलं, तेच नाव चोरल्याचा आळ तिच्यावर आला होता. व्यवस्थापकानं तोंड फिरवलं. ती काय बोलली, हे आता कुणाला ऐकायचं नव्हतं. अधिकाऱ्यानं तिला बरोबर यायला सांगितलं, आणि ती चपला शोधू लागली.

तेवढ्यात चिमणी आतून धावत आली. "आजी, आईच तर रोज काम करायची. काकाच सांगायचे तिला. मी तिथंच..."

सासूबाईंनी पोरीला ओढून घेतलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. गप्प बस, मुलीच्या जातीनं मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असं त्या हळूच तिला सांगत होत्या. जोर मात्र हळू नव्हता; पोरीचे डोळे पाण्यानं भरले. अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि घरगुती बाब म्हणून दाराकडे वळला. किती घरांत किती तोंडांवर असे हात आहेत, आणि आपण किती वेळा असेच दाराकडे वळलो आहोत, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

धाकटी उंबऱ्यावरून परत फिरली. तिनं सासूबाईंचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत ती त्यांना उलट शब्द बोलली नव्हती, आताही बोलली नाही. त्यांचा हात तिनं पोरीच्या तोंडावरून बाजूला केला आणि तो घट्ट धरून ठेवला.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. मग लेकीकडे वळून, "बोल, बाळा. काय काय पाहिलंस ते सगळं सांग."