दुसऱ्याच्या घरचा शब्द

"ओ-जामा-शिमास. म्हणा आबा."

"ओजामा शिमास," खुशालराव म्हणाले. तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाची जीभ सत्तरीत जपानीकडे वळायला काही राजी नव्हती, पण नातीचा हट्ट होता. माधवी इंजिनिअरिंगला होती आणि मोबाइलवर जपानीचा क्लास करत होती. परीक्षा आठवड्यावर आलेली. सरावाला जोडीदार हवा होता आणि अमरावतीच्या त्या फ्लॅटमध्ये रिकामा माणूस एकच होता.

"मतलब काय याचा?"

"तुम्हाला त्रास द्यायला आलो. दुसऱ्याच्या घरात शिरताना म्हणतात."

"तरास देतो म्हनून सांगून आत जातेत?" खुशालराव हसले. "अन घरवाला काय म्हनते, ये बापा, दे तरास?"

"अहो, रीत आहे ती. तो म्हणतो दोझो. म्हणजे या, बसा."

"आमच्या तिकडे अंगनातूनच हाक देतेत, हाव का घरी? उत्तर येईपर्यंत मानूस चुलीजवळ जाऊन बसलेला रायते."

माधवीलाही हसू आलं. "आणि आपल्याच घरी आलात की तदाइमा. आलो मी. मग घरातले म्हणतात, ओकाएरी. या, आलात का. दोन्हींत घोळ नाही करायचा हं. आपल्या घरात ओजामाशिमास म्हटलं तर मार्क कापतात."

मार्क कापतात हे खुशालरावांना फारच आवडलं.

सत्यभामाबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर गजेंद्रनं बापाला इकडे आणलं. वाईट वागवलं असं शत्रूही म्हणणार नाही. सून संध्या ताटात गरम पोळी वाढायची, गोळ्या वेळेवर द्यायची. पण तिघं तीन खोल्यांत, आपापल्या मोबाइलसकट. खुशालराव हॉलमधल्या दिवाणावर झोपत. एकदा ते किल्ली दारालाच विसरले, तेव्हा गजेंद्र म्हणाला होता, "तुमी बेल वाजवत जा ना बाबा, कोनी ना कोनी रायतेच घरी." असायचंही. दार उघडायचं आणि उघडणारा लगेच पाठ फिरवायचा. खुशालरावांना त्या पाठींची सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून एकटं वाटायचं थांबत नाही.

तेल्हाऱ्याच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. शेजारचा सूर्यभान त्या विकत घ्यायला तयार होता. सोमवारी तिथल्या रजिस्ट्री ऑफिसात सही करायची ठरली होती.

"आता तिकडे हाय कोन आपलं?" गजेंद्र शनिवारी जेवताना म्हणाला. "बंद घर पडून जाते बाबा. अन हे घर का तुमचं नाही का?"

"हाव," खुशालराव म्हणाले, पण घास तोंडातच फिरत राहिला. हे घर आपलं असेल तर सही करायला हरकत नव्हती. नसेल, तर एकदा सही झाली की बेल न वाजवता शिरता येईल असं दार त्यांना कुठे उरणार नव्हतं. पण विचारायचं कोणाला? पोटच्या पोराला, मी या घरचाच हाओ ना रे, असं विचारणं काही बरं दिसत नाही.

रविवारी संध्याकाळी ते फिरायला गेले आणि बागेतल्या बाकावर दोन्ही शब्द घोकत बसले. तदाइमा म्हटलं तर माधवी ओकाएरी म्हणेल. पण ते पाठ केलेलं उत्तर, पोपटही देईल. आणि मुद्दाम चुकीचा शब्द म्हटला तर? मार्क कापणारी मास्तरीण घरातच होती. ती म्हणेल, चुकलं आबा, हे आपलं घर आहे ना. कुणी न विचारता, न मागता तेवढं एकदा म्हणावं, मग सोमवारी खुशाल सही करून यावी. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि खुशालरावांची तर सत्तरी होती.

त्यांनी बेल वाजवली. माधवीनं दार उघडलं. चपला काढून त्यांनी घसा खाकरला.

"ओजामाशिमास."

माधवीचा चेहरा खुलला. "अरे वा! एकदम करेक्ट आबा. उच्चारसुद्धा. दोझो, दोझो." कंबरेत वाकून तिनं त्यांना आत यायची खूण केली आणि, "आई, ऐक ना, आबा काय मस्त बोलले," असं सांगत स्वयंपाकघरात पळाली.

खुशालराव दारातच थांबले. ती परत येईल, चूक काढेल, असं त्यांना थोडा वेळ वाटलं. आतून संध्याच्या हसण्याचा आवाज आला. पोरीचा दोष नव्हता. पण दोझो हे पाहुण्यालाच म्हणतात. दार उघडंच होतं, ते त्यांनी लावून घेतलं.

गजेंद्र खोलीतून बाहेर आला. "बाबा, उद्या साडेसहाची गाडी हाय. अकोल्याले बदला, दुपारच्या आत तेल्हाऱ्याले पोचसान. मी येऊ का संगं?"

"कायले? जातो मी एकटा." मग ते सावकाश म्हणाले, "पन सही नाही करून राहिलो. सूर्यभानले समजावून सांगतो."

"कावून? सगळं ठरलं ना आपलं?"

"ठरलं होतं खरं."

"कोनी काई बोललं का तुमाले?"

"नाही रे. कोनी काईच नाही बोललं."

गजेंद्र गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. "बरं, बसा तं खरं," तो म्हणाला, "पानी आनतो."

खुशालराव बसले. दिवाणावर चादर त्यांचीच होती, उशीही त्यांचीच. तरी ते अगदी कडेला, पाठ न टेकता, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.