हातातली पिशवी

माझ्या वडिलांना ऐकू येत नसे, आणि ते त्यांना कबूलही नसे. कुणी काही बोललं की अण्णा मान हलवत आणि म्हणत, "बराबर, बराबर." जालन्याच्या कोर्टात निजामाच्या अमदानीपासून पेशकारी, म्हणजे न्यायाधीशापुढची कारकुनी, केलेली, तिथला हा शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा बसला होता. भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी बराबर, शेजारचं कुणी वारल्याचं सांगितलं तरी बराबर. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

माझा धाकटा भाऊ भालचंद्र मुंबईला नोकरीला लागला आणि त्यानं अण्णांसाठी कानाचं यंत्र आणलं. खिशात ठेवायची डबी, तिला चामड्याचं घर, आणि वायरीच्या टोकाला कानात घालायची गुंडी. त्याचे सेल जालन्यात मिळत नसत, म्हणून ते यंत्र पैठणीसारखं कपाटात घडी होऊन पडलेलं असे.

सत्तावन्न सालच्या थंडीत एका दुपारी भालूची तार आली. विलायतेतल्या कंपनीत जागा मिळाली होती आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याचं विमान होतं. मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबई गाठेपर्यंत पोरगा उडून गेला असता. म्हणून त्यानं औरंगाबादहून सकाळच्या विमानाची सोय करून ठेवली होती. ऐकू न येणाऱ्या माणसाला एकट्याला कसं धाडायचं, म्हणून सोबत मी.

आई, म्हणजे द्वारकाबाई, तिला एकच घोर होता. पोरगं सातासमुद्रापार उपाशी जाऊ नये. ती लगेच डिंकाच्या लाडवांना बसली. अण्णांचा घोर वेगळा होता.

"पोरगं मनानं चाललंय का आपल्या घरच्या ओढगस्तीपायी, ते आवाजावरनं कळतं," ते मला म्हणाले. "जन्मभर साक्षीदार ऐकले मी. मनानं चालला असंल तर जा म्हणीन. नसंल तर राह म्हणीन. पण आधी ऐकू तर दे."

संध्याकाळी शेजारचे रामराव वकील आले. ते एकदा हैदराबादला विमानानं गेल्ते, तेव्हापासून गल्लीत विमानाविषयी शेवटचा शब्द त्यांचा.

"हातात एकच नग चालतो," ते म्हणाले. "बाकी सगळं विमानाच्या पोटात. ही माझी चामड्याची बॅग घ्या. यंत्र ह्यात ठेवा, लाडूबी ह्यातच टाका."

आईचा हात परातीतच थांबला. "गणपतीला नैवेद्य दाखवलेले लाडू, न् चामड्याच्या बॅगेत?"

"मंग लाडू ट्रंकेत घाला."

"देवाचा प्रसाद लोकांच्या चपलाजोड्यांखाली? बिलकुल न्हाई."

मी म्हटलं, मग कापडी पिशवीच हातात घेऊ, तिच्यात लाडूही राहतील आणि यंत्रही. तर यंत्राच्या डबीलाही चामडंच. आईनं पिशवी माझ्या हातातून काढूनच घेतली आणि तिच्यात नुसते लाडू भरले. शेवटी मी अण्णांच्या कानाशी ओरडले, "कानातच घालून चला!"

"विमानाच्या घरघरीत सेल उतरतील," अण्णा म्हणाले. "भालूसाठी जपून ठेवलेत."

"मग नुसतं खिशात ठेवा."

"मुंबईला खिसे कापून राह्यलेत लोक. अगं, घरातले दागिने कुठं असतात? ट्रंकेच्या तळाशी."

त्यांनी स्वतःच यंत्र धोतरात गुंडाळलं आणि लोखंडी ट्रंकेच्या अगदी तळाशी ठेवलं. वर धाबळी, वर कोट, वर कुलूप. तिघंही शहाणी माणसं, आणि तिघांचंही आपापल्या परीनं खरं होतं. मी हात टेकले.

सांताक्रूझला उतरलो. लोकांच्या पेट्या आल्या, आमची ट्रंक आली नाही. वजन जास्त झालं म्हणून काही सामान औरंगाबादलाच उतरवलं होतं. ते दुसऱ्या दिवशी येणार होतं. अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. मी सगळं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"भालूला सांगू नको. इतक्या हौसेनं घेतलं पोरानं, न् मी ते ट्रंकेत कोंबलं."

भालू समोरून धावत आला. अण्णांच्या कानांवर मफलर होता. विमानात कानात वारं जातं म्हणून आईनंच तो करकचून बांधला होता. यंत्र आत आहे असं भालूनं धरून चालावं, यात त्याचं काय चुकलं? दोघांना बाकावर बसवून मी ट्रंकेची तक्रार करायला गेले. तिथून मला ते दिसत होते. भालू अण्णांचा हात हातात घेऊन बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. अण्णा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि मान हलवत होते.

मी परतले तोवर त्याच्या विमानाचा पुकारा झाला होता. तो अण्णांच्या पाया पडला, लाडवांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. दारापर्यंत मी गेले. त्याचे डोळे भरलेले होते.

"रजे, अण्णांचं मन फार मोठं आहे गं," तो म्हणाला. "मी त्यांना म्हटलं, माझं मन निघत नाही, राहू का? तुम्ही नुसतं राह म्हणा, हे तिकीट फाडून टाकतो. तर म्हणाले, बराबर, बराबर. पुन्हा विचारलं, तरी तेच. त्यांना मी जायला हवा असेन तर मी कोण नाही म्हणणारा?"

"अरे, त्यांना ऐकू..." मी म्हणेपर्यंत मागच्या माणसांनी त्याला पुढे रेटलं. मी हाका मारल्या. बाहेर विमानाचे पंखे सुरू झाले होते. त्यानं वळून हात केला, त्याला वाटलं मी निरोप देतेय.

त्या दिवशी मला सगळ्यांचा राग आला. लाडवांचा आला, ट्रंकेचा आला, गणपतीचासुद्धा आला.

आम्ही दादरला मामांच्या घरी मुक्काम केला होता, दुसऱ्या दिवशी ट्रंक तिथं आली. अण्णांनी कुलूप काढलं, धोतर उलगडलं, गुंडी कानात बसवली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"आता सांग. काय म्हणाला भालू?"

"आईला जपा म्हणाला. पोचल्यावर कळवतो म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

अण्णांनी गुंडी कानातून काढली. वायर ते बोटांना गुंडाळू लागले.

"त्याचे ओठ दिसत होते मला," ते म्हणाले. "'राहू का' म्हणतोय, असंच दिसलं. दोन्ही वेळेला. पण मला वाटलं, माझ्याच मनातलं मला त्याच्या तोंडावर दिसून राह्यलंय."