बाकाचं पूर्वेचं टोक

सरकारी कागदांप्रमाणे एक जुलै एकोणीसशे त्रेपन्न या एकाच दिवशी कोळझऱ्यात अकरा मुलगे जन्माला आले. त्याच्या आधी सहा महिने आणि नंतर सहा महिने गावात कोणीही जन्माला आलं नाही. गाव तेव्हा चारशे वस्तीचं, सुईण एकच. तरीही यात काही वावगं आहे असं आजवर एकाही कार्यालयाला वाटलेलं नाही.

झालं होतं ते साधंच. शाळा उघडली त्या दिवशी गुरुजींनी पोरं ओळीनं उभी केली आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगितलं. ज्याचा हात कानाला पोचला तो सहा वर्षांचा, ज्याचा नाही पोचला तो परत शेळ्यांकडे. पोचलेले अकरा निघाले. अकरा घरी जाऊन अकरा तारखा विचारण्यापेक्षा एकच तारीख अकरा वेळा लिहिणं सोपं, हे गुरुजींनी ओळखलं. माणूस हुशार होता.

त्या अकरांपैकी नऊ जण गाव सोडून गेले. काही पुण्याला, काही त्याहून लांब. उरले दोन, बाबाराव नरवाडे आणि उकंडा.

बाबाराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. छत्तीस वर्षं खिडकीत बसून त्यांनी लोकांना 'येईल' एवढंच सांगितलं. निवृत्तीनंतर बारा वर्षं उमरखेडच्या प्लॉटवरच्या घरात काढली आणि दोन वर्षांपूर्वी बायको तुळसाबाईसह कोळझऱ्याला परतले. महागाव-उमरखेड रस्ता सोडून चार किलोमीटर आत गेलं की कोळझरा लागतं. उकंडा गाव सोडून कुठं गेलाच नव्हता. कपाशी आणि तूर पोराच्या हवाली करून तोही आता निवृत्त होता, फक्त त्याला तसं पत्र कोणी दिलं नव्हतं.

निवृत्त माणसाचा दिवस मोकळा असतो, ही अफवा नोकरीवाल्यांनी पसरवली आहे. बाबारावांना हिवाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसे. पाचला उठायचं. कोंबडा आज किती मिनिटं लेट आहे ते बघायचं. तुळसाबाईचा चहा प्यायचा; तो घरचा, त्यामुळे मोजण्यात धरायचा नाही. उकडलेल्या तुरीच्या शेंगा मीठ लावून खिशात भरायच्या आणि पावणेसातला ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून असलेल्या सिमेंटच्या बाकावर हजर व्हायचं.

इथंच घोडं पेंड खात होतं.

बाकावर चार माणसं आरामात बसतात, पण सकाळचं ऊन पडतं ते फक्त पूर्वेच्या टोकावर. तेही एका माणसापुरतं, माणूस वाळका असेल तर सव्वा. शिवाय त्या टोकावरून नाल्यापलीकडचं वळण दिसतं. सातची गाडी वळली की ती दिसते, कोण उतरलं ते दिसतं, कोणाच्या हातात किती पिशव्या तेही दिसतं. बाकी बाकावरून दिसतो तो कडुनिंबाचा बुंधा. ज्याने छत्तीस वर्षं गाड्या पाहिल्या, त्याच्या नशिबी सत्तरीनंतर कडुनिंबाचा बुंधा आला होता.

पूर्वेचं टोक उकंडाचं होतं. कारण उकंडा मोठा होता. निदान तो तसं म्हणायचा.

मोठेपणाला दुसराही एक फायदा होता. धम्मदीपची चहाची टपरी बाकापासून चाळीस पावलांवर. धम्मदीप राज्यशास्त्रात एम.ए. होता आणि चहा टपरीबाहेर पोचवत नसे, तत्त्व म्हणून. त्यामुळे कोणीतरी उठून जायला लागे. गावाचा रिवाज असा की चहा लहान्यानं आणायचा.

"बाबाऱ्या," उकंडा उन्हात डोळे मिटून म्हणे, "जाय बे, चहा आन. लहान हायेस."

आणि महामंडळातून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस, ज्याला आगारात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे नरवाडेसाहेब म्हणत, तो दोन पेले घेऊन, एकही थेंब न सांडता, चाळीस पावलं चालत येई. दोन वर्षं.

"चाळीस वर्षं लोकाले गाड्या दाखवल्या," तुळसाबाई म्हणाली, "अन् आता सोताले दिसत नाई म्हून घरात तोंड पाडून बसून राह्यले. अवो, दुसरीकडं बसा ना. गावात ऊन काय तेवढंच पडते?"

"ऊन पडते, पण गाडी दिसत नाई."

"मंग गाडीत जाऊन बसा."

बायकांना तत्त्वाचे प्रश्न कळत नाहीत असं बाबाराव मनात म्हणाले. मोठ्यानं म्हणायची हिंमत त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडली होती.

डिसेंबरच्या एका सकाळी थंडी अशी पडली की कोंबडा अकरा मिनिटं लेट झाला. त्या दिवशी बाबारावांनी बंड केलं. उकंडा म्हणाला, "जाय, चहा आन," आणि बाबाराव म्हणाले, "कायले? तू मोठा हायेस ह्याचा काही कागद हाय का?"

उकंडानं एक डोळा उघडला. "कागद? तुया-माह्या कागदावर एकच तारीख हाय लेका."

"म्हंजे सारखे. आज तू आन."

"तारीख सारखी हाय, मानूस सारखा नाई. मी मोठा हाओ हे साऱ्या गावाले माहीत हाय."

"गावाले तूच सांगितलं!"

टपरीवरून धम्मदीप हात पुसत आला. वाद पेटला की गिऱ्हाइकं टिकतात, हा त्याचा अनुभव होता. "गुरुजीचा नियम लावा ना," तो गंभीरपणे म्हणाला. "ज्याचा हात कानाच्या जास्त पुढं जाईल तो मोठा. प्रवेशाच्या वेळी जो निकष, तोच पुढंही. घटनेचं तत्त्व हाय."

घटनेत असं कुठलंही कलम नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं. बाबाराव उभे राहिले. त्यांनी मफलर सोडला, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान नुसता पकडलाच नाही तर खालपासून वरपर्यंत पिळून दाखवला. टपरीवरच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या.

"वानराचे हात हायेत त्याचे," उकंडा म्हणाला. "त्याचा काय पुरावा?"

"तू कर ना."

उकंडानं हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. दिवाळीपासून त्याचा उजवा खांदा जखडला होता. त्यानं दात आवळले, मान वाकडी करून कानच हाताकडं न्यायचा प्रयत्न केला, एकदा स्वतःभोवती गोल फिरला. हात टोपीपर्यंत पोचला आणि टोपी पडली.

"कान राह्यला," धम्मदीपनं निकाल दिला. "गुरुजीच्या नियमानं उकंडाकाका अजून सहाचे झाले नाहीत. शाळेत घेता येत नाई."

"जाय, शेळ्या चार!" बाबाराव ओरडले. बाहत्तराव्या वर्षी त्यांना हसून हसून ठसका लागला, तुरीचा दाणा भलतीकडं गेला, आणि ज्याचं वय काढलं जात होतं त्या उकंडानंच त्यांच्या पाठीत चार धपके घातले. पण पूर्वेचं टोक काही सोडलं नाही.

"खांदा कागद नाई अन् कान सायेब नाई," तो परत बसत म्हणाला. "साक्षीदार आन. लालीबाई अजून जित्ती हाय. तिच्या हातावर जन्मलो आपून दोघं. ती म्हनीन ते कबूल."

लालीबाई ही ती एकटी सुईण. गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा, ती तिथली. नव्वदीच्या पुढं असावी. तिच्या आधार कार्डावर मात्र वय अठ्ठ्याहत्तर होतं. म्हणजे सहाव्या वर्षी तिनं अकरा बाळंतपणं एका दिवसात उरकली होती. असा अनुभवी साक्षीदार जिल्ह्यात दुसरा मिळाला नसता.

धम्मदीप दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. ती उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवून तिनं बाक पाहिला आणि विचारलं, "ऊन कुठं हाय?" उकंडानं अदबीनं आपली जागा दाखवली. साक्षीदाराला खुर्ची द्यावी लागते. ती पूर्वेच्या टोकावर बसली, पाय वर घेतले, अंगाभोवती गोधडी गुंडाळली. बाबारावांनी स्वतःच्या पायांनी जाऊन तिला चहा आणला. साक्षीवर परिणाम व्हावा म्हणून बिस्किटंही आणली.

"लालीमाय," उकंडा जोरात म्हणाला, "मी कवा झालो सांग."

"बोंबलू नोको, ऐकू येते," ती म्हणाली. "तू झाला तवा तुह्या मायची आदीची दोन गेलती. म्हून तुले उकंड्यावर, खताच्या ढिगावर, ठेवा लागलं. मरन घान पाहून परत जाते म्हन्तात. मी तुले घेऊन गेली त खत कुठं होतं? सारं वावरात नेलं होतं. उकंडा रिकामा! मंग चार टोपले शेन मागून आनलं, तवा कुठं तुले ठेवलं."

"उधारीच्या शेनावर!" बाबाराव आनंदानं म्हणाले.

"म्हंजे उन्हाळा," धम्मदीपनं अनुमान काढलं. "खत पावसाच्या आधी वावरात जाते."

"अन् मी, माय?"

"तू कापसात. तुही माय येचाले गेलती, अन् तिथंच बसली. कापसाच्या ढिगावर झाला तू. पांढरा फक."

बाबाराव नकळत ताठ बसले. एकाला शेण, एकाला कापूस. वयाचं काहीही ठरो, दर्जाचं ठरलं होतं. "म्हंजे वेचा, हिवाळा," ते म्हणाले. "हिवाळा आदी येते. मी मोठा!"

"हिवाळा नंतरही येते," उकंडा म्हणाला. "दरवर्षी येते बे तो."

प्रश्न तिथं येऊन अडला. बाबारावांचा हिवाळा उकंडाच्या उन्हाळ्याआधीचा की नंतरचा? लालीबाईनं डोळे मिटले. सातची गाडी आली आणि गेली, बाबारावांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. दुसरा चहा आला. बिस्किटं संपली. लालीबाई झोपली की काय, म्हणून धम्मदीपनं हळूच वाकून पाहिलं.

"ताप," ती एकदम म्हणाली. "बाबाऱ्याच्या मायले ताप आलता. दूध आटलं. पोरगं रडू रडू निळं पडलं. मंग मी त्याले उकंडाच्या मायच्या वटीत नेऊन टाकलं. सव्वा महिना पाजलं तिनं. उकंडा तवा रांगे. इकून ये, तिकून ये, अन् बाबाऱ्याले पायानं ढकले."

एवढं कळायला एम.ए. लागत नव्हतं. एक रांगत होता तेव्हा दुसरा पाळण्यातसुद्धा नीट रुळला नव्हता.

"मोठा कोन?" उकंडा म्हणाला.

"तू," बाबाराव म्हणाले. त्यांचा आवाज अंमळ बारीक झाला होता.

"अन् माह्या वाट्याचं दूध कोनं पेलं?"

"म्या."

"म्हून मी असा वाळका राह्यलो! सत्तर वर्षं मी म्हनून राह्यलो, का मोठा हाओ त कमजोर कसा? आज समजलं!" उकंडा उठला, टोपी सरळ केली, टपरीपर्यंत जाऊन सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगून आला. त्यात दुधाचा काळ सव्वा महिन्यावरून सहा महिन्यांवर गेला. मग विजयी माणूस जसा परततो तसा तो बाकापाशी परतला. आणि थबकला.

पूर्वेच्या टोकावर लालीबाई होती. ऊन बरोबर तिच्या पाठीवर पडलं होतं.

"माय, तुले सोडून देऊ का घरी?" त्यानं विचारलं.

"काहून? बरं वाटून राह्यलं इथं."

दुसऱ्या दिवशी बाबाराव पावणेसातला पोचले तेव्हा उकंडा बुंध्याच्या बाजूला बसून होता. लालीबाई साडेसहालाच काठी टेकत आली होती. तिसऱ्या दिवशी तिनं उशीही आणली. तिला उठ म्हणणार कोण? गावातल्या निम्म्या माणसांना तिनं पहिल्यांदा उलटं धरून मारलं होतं.

बाबारावांचं फारसं बिघडलं नाही. वळण आता लालीबाईला दिसत होतं, आणि ती नजरेनं कमी, अंदाजानं जास्त पाहत होती.

"गाडी आली काय, माय?"

"आली. दोघं उतरले. एक बाई हाय, माहेराहून भांडून आली. अन् एक मानूस, कोनाले तरी फसवाले आला."

छत्तीस वर्षांत बाबारावांना गाडीची इतकी सविस्तर माहिती कोणी दिली नव्हती. ते खिशातल्या शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत आणि पुढचं विचारत.

चौथ्या दिवशी थंडी वाढली. लालीबाई म्हणाली, "चहा सांगा रे."

"जाय बे बाबाऱ्या," उकंडा सवयीनं म्हणाला. "आता त शिक्का बसला. लहान हायेस."

बाबाराव उठू लागले. त्यांना वाईट वाटलं नाही, हे कबूल करायला त्यांना दोन पावलं लागली. तेवढ्यात लालीबाईनं काठी आडवी घातली.

"लहान्याच्या हाती गरम कायले देता? पोयला म्हंजे? मोठ्यानं जावा. त्याले समज हाय."

उकंडानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग बाबारावांकडं. "माय, रिवाज असा हाय का लहाना..."

"तुही माय मराले टेकली तवा मले म्हने, लहान्या बाबाऱ्यावर ध्यान ठेव. उठ."

उकंडा उठला. चाळीस पावलं गेला. तीन पेले आणायचे, आणि एक हात खांद्यापासून जखडलेला. टपरीवरून त्याचा आवाज आला.

"धम्मदीप, लिहून घे! त्या दिवशीचं सारं खोटं हाय! म्हातारीले आठवत नाई! बाबाऱ्याच मोठा हाय, वर्षाभरानं मोठा, त्याचा हात कानाले पोचला, तू पाह्यलं ना!"

"निकाल लागला, काका," धम्मदीप म्हणाला. "अपील नाई."

बाबाराव बाकावर मागं रेलले, तुरीची एक शेंग दातांनी फोडली. सत्तर वर्षांत उकंडाला मोठं म्हणण्यासाठी त्यांच्या तोंडून जो शब्द कधी निघाला नव्हता, तो आता आपोआप, मोकळ्या गळ्यानं, नाल्यापलीकडं जाईल असा निघाला.

"दादा! माह्यात साखर कमी सांग!"