वन्संच्या बाजूचं नाव

बाळ तेवीस दिवसांचं झालं तरी त्याला नाव नव्हतं. नाव आत्याने ठेवायचं, आणि आत्या नऊ दिवसांपूर्वी शाळेत फळ्यासमोर कोसळली ती उठलीच नाही. त्या सकाळी निघताना कलोलाइने वन्सं दारातून मला म्हणाल्या होत्या, "नाव लिहून ठेवलंय गं. रविवारी सांगेन." कुठे लिहिलंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. बाळाचे श्वास मोजण्यात माझा अर्धा दिवस जातो. तेव्हाही तेच चाललं होतं.

वह्या पाहिल्या, बायबल झटकून पाहिलं. उरला कॉम्प्युटर. तो वन्संचाच, पण आम्हालाही वापरता यावा म्हणून त्यांनी त्याची डिस्क वाटून दिली होती. एका यंत्रात दोन बिऱ्हाडं. सुरू केला की विचारायचा, कुणाकडे जायचं. आमच्याकडे विंडोज, त्यांच्याकडे लिनक्स, आणि तिकडचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला.

एक रविवार सुतकात गेला. आता परवा बाप्तिस्मा. पाद्रीबुवा येऊन विचारून गेले. नाव नसेल तर नुसतंच पाणी घालतो म्हणाले, पण हसले नाहीत. नाव सापडलं नाही तर फेआओची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, चुलत बहीण ठेवील असं मोठ्यांनी ठरवलं. ती आपल्या सासरचं एखादं ठेवणार. त्याला माझी हरकत नव्हती. भीती वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी श्वास न घेताच जन्मली आणि बिननावाचीच पुरली. वन्संनी दिलेलं नाव नसलं तर हेही बाळ राहायचं नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. कॉलेजात शिकलेय, असलं काही नसतं हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

फेआओ आमच्या बेटावर पांगाईच्या बंदर-कचेरीत कॉम्प्युटरच सांभाळतो. त्याला हे दहा मिनिटांचं काम. पण आमच्या लोकांत भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्या वस्तूला शिवत नाही. आमच्या बाजूला त्याने हवी तेवढी बोटं चालवली, तिच्या बाजूला कधी नाही. शुक्रवारी दुपारी त्याने विंडोजमध्ये एक छोटा प्रोग्राम घातला आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला, पाठ करून. आमच्याकडे सुतकात कमरेला फाटकी चटई गुंडाळतात, ती सावरत म्हणाला, "पासवर्ड दाराला असतो. आपण आपल्या बाजूने भिंतीतून बघायचं. नुसतं वाचायचं, तिथलं काही हलवायचं नाही."

डाव्या हातावर बाळ, उजवा हात माऊसवर. प्रोग्रामऐवजी मी सरळ त्या अनोळखी डिस्कवरच टिचकी मारली. पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

लागेल म्हणतंय तर लागत असेल. बाण 'हो'वर नेला. मग औषधाच्या बाटलीवरचं वाचते तसं सवयीने पुन्हा वाचलं, मोठ्याने.

पायरी करकरली. "बोट उचल," फेआओ म्हणाला. "सेलुवाया, उचललंस का?"

"उचललं."

"त्याला ताईच्या बाजूचं वाचता येत नाही. येत नाही म्हणून कोरं समजतं. हो म्हणाली असतीस तर तिचं होतं नव्हतं ते गेलं असतं." एवढं होऊनही त्याने वळून पाहिलं नाही. पाठमोराच म्हणाला, "ताई मला म्हणायची, तू आणि तुझं विंडोज सारखेच. समजलं नाही की पुसायला निघता."

'नाही' दाबलं. मग प्रोग्राम उघडला, आणि वन्संची बाजू दिसू लागली. परीक्षांचे पेपर, चर्चच्या गाण्यांचे कागद, मुलांच्या हजेऱ्या. मी बाहेर सांगू लागले तर त्याने थांबवलं. ते त्याने ऐकायचं नव्हतं. नाव सापडलं तर तेवढं सांग म्हणाला.

'नावं' अशीच एक फाइल होती. मी उघडली. आत तारखांसकट दोन ओळी. खालची त्या बुधवारची, वन्सं गेल्या त्या सकाळची: मुलगा. वाका.

"वाका," मी म्हटलं.

"वाका," तो बाहेरून म्हणाला. मग पुन्हा एकदा, हलकेच, तोंडात नीट बसतं का बघावं तसं. वाका म्हणजे होडी. त्याच्या वडिलांची होती.

वरची ओळ दोन वर्षांपूर्वीची होती. तारीख मला वाचावी लागली नाही. त्या दिवशी आम्ही तिला पुरून घरी आलो तेव्हा वन्सं याच टेबलाशी बसल्या होत्या, आणि आजसुद्धा शाळेचं काम सुचतंय यांना, असं माझ्या मनात आलं होतं.

मुलगी. सिआले. आईबापांनी विचारलं की सांगायचं.

आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"बंद कर आता," फेआओ म्हणाला. "झालं ना?"

"आणखी एक नाव आहे."

त्याचा चटई सावरणारा हात तिथेच राहिला.

"तिचं?"

"सिआले."

वाऱ्यात ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगितलं. ऐकू आलं होतं. तो मान खाली घालून बसला होता, पाठ तशीच माझ्याकडे.

"पाद्रीबुवांना दोन्ही लिहून दे," तो म्हणाला. "पाणी एकालाच घालू देत."